उजवा हेडलाइट: प्रकल्प नोंदी, जुलै २०२५

शनिवार, ५ जुलै

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-०४ पासिंग. काम वागळे इस्टेटमधल्या शेडमध्ये. बल्ब एच-४, म्हणजे अप्पर आणि डिपरची दोन्ही फिलामेंट एकाच बल्बात, ६०/५५ वॅट. डावा हेडलाइट कंपनीचा आहे. उजवा ठोकर लागल्यानंतर बदललेला, बाजारातला, बिनछाप. त्याच वेळी तयार रिले हार्नेसही बसवून घेतलेला, म्हणजे बॅटरीपासून थेट बल्बापर्यंतचा वेगळा वायरींचा संच. त्यातला रिले हा करंटने चालणारा स्विच, त्याची कॉइल चालू झाली की तो मोठा करंट जोडतो. मध्ये काही काळ उजव्याला १००/९० वॅटचा बल्ब होता. आता परत ६०/५५ आहे. ही शेवटची माहिती गाडीमालकाने जाता जाता दिली, पण कामाची तीच निघणार असं दिसतंय.

तक्रारी तीन. उजवा डिपर डाव्यापेक्षा पिवळट आणि मंद. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात खड्डा लागला की उजवा क्षणभर विझल्यासारखा होतो आणि परत येतो. तिसरी, काचेच्या आत पाण्याचे थेंब.

आधी बल्बांची अदलाबदल. उजव्याचा बल्ब डावीकडे, डाव्याचा उजवीकडे. मंद उजेड उजवीकडेच राहिला, म्हणजे बल्ब सुटला. बल्ब धरताना बूड धरायचं, काच नाही. बोटाचं तेल गरम काचेवर भाजून डाग पडतो आणि तिथून बल्ब जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून मगच बसवायचा.

मग चार्जिंग. इंजिन चालू, डिपर चालू, एसीचा ब्लोअर पूर्ण: बॅटरीच्या टोकांवर १३.९ व्होल्ट. १३.८ ते १४.४ मध्ये असेल तर अल्टरनेटरकडे बघायची गरज नाही.

आज एवढंच. "एलईडी टाकून मोकळे व्हा" हा सल्ला गाडीमालकाला तीन ठिकाणी मिळालेला आहे. वायरिंग आजारी असताना एलईडी टाकला की तो कमी करंट ओढतो, म्हणून उजेड पडतो आणि आजार झाकला जातो. शिवाय एच-४ चा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी आणि डिपरच्या फिलामेंटखालच्या छोट्या पत्र्याच्या वाटीसाठी घडवलेला असतो. चिप त्या जागी तंतोतंत बसत नाही आणि उजेड वर फाकतो. तेव्हा या कामात हॅलोजनच राहणार.

रविवार, ६ जुलै

लोडवर मोजणी. बहुतेक गॅरेजमध्ये इथे मीटरचा बझर वायरीच्या दोन टोकांना लावून, तो वाजला की वायर "चालू" ठरवतात. बझर एका तारेवरही वाजतो. त्याच तारेतून साडेचार अँपियर जायला सांगितले की ती हात वर करते. म्हणून बल्ब जागेवर, डिपर पेटलेला, इंजिन चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. होल्डर बल्बावरून काढायचा नाही. मागच्या बाजूने, वायर जिथे होल्डरमध्ये शिरते तिथे बारीक पिन सरकवून मोजायचं.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. पॉझिटिव्ह बाजूसाठी लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळं डिपरच्या पिनेवर. अर्थिंगसाठी लाल टोक बल्बाच्या कॉमन पिनेवर (दोन्ही फिलामेंटना सामाईक असलेली तिसरी पिन), काळं बॅटरीच्या निगेटिव्हवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत सांडताहेत.

उजवा डिपर: पॉझिटिव्हवर १.४, अर्थिंगवर १.३. बल्बाला मिळतात ११.२ व्होल्ट.

डावा डिपर: पॉझिटिव्हवर ०.९५, अर्थिंगवर ०.१५. बल्बाला १२.८.

चांगल्या वायरिंगमध्ये दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास असावं. इथे डावाही निरोगी नाही, फक्त कमी आजारी आहे.

या आकड्यांचा उजेडाशी संबंध सरळ नाही. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, आणि बल्बाचा कारखान्यातला उजेड १३.२ व्होल्टवर मोजलेला असतो. त्या हिशेबाने ११.२ व्होल्टवर ५७ टक्के, १२.८ व्होल्टवर ९० टक्के. व्होल्टेज १५ टक्के पडलं आणि उजेड जवळजवळ निम्म्यावर आला. पिवळटपणाही त्यातलाच, फिलामेंट कमी तापतं.

होल्डर हलवून बघितला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वायरवर टिचकी मारली की उजवा पांढऱ्यावरून मंद नारिंगी होतो, पूर्ण विझत नाही. नीट बघितलं तर उजव्या बल्बातली दोन्ही फिलामेंट लालसर दिसतात, डिपर चालू असताना अप्परचंही. त्याच क्षणी डाव्या हेडलाइटच्या अप्परच्या पिनेवर मीटर धरलं: तिथे शून्य हवं, आले साधारण ४ व्होल्ट.

ही कच्च्या अर्थिंगची सही आहे. उजव्याचं अर्थिंग सुटलं की डिपरमधून आलेल्या करंटला खाली जायला वाट नाही. तो उजव्याच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या सामाईक वायरने डावीकडे जातो आणि डाव्याच्या अप्पर फिलामेंटमधून तिकडच्या अर्थिंगला उतरतो. तीन फिलामेंट एका माळेत, प्रत्येकाच्या वाट्याला चार-साडेचार व्होल्ट. "एक लाइट लावला की दुसरंच काहीतरी मिणमिणतं" अशी तक्रार कुठल्याही गाडीत आली तर आधी अर्थिंग बघायचं, स्विच नंतर.

बुधवार, ९ जुलै

अर्थिंगचा बोल्ट उजव्या एप्रनवर, म्हणजे बॉनेटखालच्या चाकाकडच्या पत्र्यावर, बॅटरीपासून लांबच्या बाजूला. एम-६ बोल्ट, १० चा पाना. खोलला तर लगच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या कडीच्या) खाली गाडीचा रंग तसाच शाबूत. ठोकरीनंतर पॅनेल रंगवलं आणि रंगावरच लग आवळला. आतापर्यंत अर्थिंग मिळत होतं ते बोल्टच्या आट्यांतून, आणि आट्यांवर गंज. लग पत्र्याचा, प्रेस नुसता इन्सुलेशनवर. तांब्याला फक्त टेकलेला.

रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढला, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. कल्हई केलेला तांब्याचा रिंग लग, पत्रा आणि लगमध्ये दातेरी वॉशर, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी चोपडायची नाही असं काही जण सांगतात. पातळ थर असेल तर दातेरी वॉशर तो कापतो, फरक पडत नाही. आवळल्यानंतर वरून मात्र हवीच, ठाण्याच्या पावसात उघडा पत्रा आठवड्यात लाल होतो.

शिवाय २.५ चौरस मिमीची काळी वायर उजव्या होल्डरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे ही वायर टर्मिनलला नव्हे, सेन्सरच्या पलीकडे बॉडीच्या बाजूला जोडायची. या गाडीत सेन्सर नाही.

अर्थिंगवरचा ड्रॉप १.३ वरून ०.१. टिचकी मारली तरी नारिंगी होत नाही. पण डिपर अजून क्वचित लुकलुकतो, आणि तो आता पूर्ण विझून येतो. म्हणजे उरलेली ढिलाई पॉझिटिव्हकडे.

शनिवार, १२ जुलै

हार्नेस बाहेर काढून टेबलावर पसरला.

वायरवर जाड इन्सुलेशन, आत तारा मोजक्या. ब्लेडने एक तार खरवडली: वर तांबडी, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. कापलेल्या टोकाचा अंदाज पाऊण चौरस मिमी. शुद्ध तांब्याची तेवढी वायर मीटरला २३ मिलीओम असते, ही साधारण दीडपट, ३५ च्या पुढे. दोन्ही डिपरचे नऊ अँपियर मीटरभर सामाईक वायरमधून, मग उजवीकडच्या फांदीत आणखी दोन मीटर साडेचार अँपियर: नुसत्या वायरीत ०.६ व्होल्ट गेले.

फ्यूज होल्डर हाताला चटका देण्याइतका गरम होतो. उघडला तर एका बाजूचं पातं निळं पडलेलं. त्यात फ्यूज ३० अँपियरचा! फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. ही वायर पंधरालाच मऊ होईल आणि फ्यूज शांत बसून बघेल. दोन्ही डिपर मिळून ९.२ अँपियर, अप्पर मिळून १०. पंधराचा फ्यूज पुरेसा आहे आणि डिपर-अप्परला वेगवेगळा हवा. सामाईक फ्यूज उडाला तर घाटात डिपर आणि अप्पर दोन्ही एकदम जातात.

उजवा होल्डर सिरॅमिकचा आहे म्हणून वितळला नाही, पण आतली डिपरची पिन भाजून काळी झालेली. ही १००/९० ची करामत: डिपरला ४.६ ऐवजी साडेसात अँपियर. पिन तापली की तिच्या पितळेतला ताण जातो, पकड ढिली होते, ढिल्या जागी अजून तापते. बल्ब परत ६०/५५ केला तरी पिनेचा ताण परत येत नाही. पकडीने दाबून घट्ट करता येते, ते महिनाभर टिकतं. होल्डरच बदलायचा.

आता खरी मेख, रिलेच्या ट्रिगरची, म्हणजे रिलेची कॉइल चालू करणाऱ्या वायरींची. हार्नेस करण्याआधी गाडीचं स्विचिंग कुठल्या बाजूने आहे ते बघायला हवं. जपानी रचनेच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाइटच्या कॉमन पिनेवर पॉझिटिव्ह येतो आणि काँबिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळची लाइटची दांडी) अप्पर किंवा डिपरची पिन अर्थ करतो. युरोपीय पद्धतीत उलट: कॉमन अर्थ, बाकी दोघांना पॉझिटिव्ह.

तपासण्याची पद्धत: गाडीचा मूळ कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, बल्बावरून काढायचा. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून तिन्ही पिना तपासल्या तर फसगत होते, कारण अर्थ झालेली पिनही शून्य दाखवते आणि लटकती पिनही जवळपास शून्यच. म्हणून लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळं पिनेवर. डिपर लावला आणि डिपरच्या पिनेवर १२ व्होल्ट आले, अप्पर लावल्यावर अप्परच्या पिनेवर आले, तर स्विचिंग निगेटिव्ह. मीटरपेक्षा इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प म्हणून वापरला तर आणखी बरं. लटकत्या व्होल्टवर तो पेटत नाही.

ही गाडी निगेटिव्ह स्विचिंगची निघाली. जुना हार्नेस तरीही चालत होता, कारण रिलेच्या कॉइलला दिशा नसते. उलटा करंट गेला तरी ती ओढते. पण त्यात कोणी डायोडवाला रिले लावला असता (डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो) तर डायोड सरळ शॉर्ट झाला असता आणि मूळ हेडलाइट फ्यूज प्रत्येक वेळी उडाला असता. "नवा रिले टाकला आणि फ्यूज उडायला लागले" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा हेच. रिलेच्या अंगावर छोटी आकृती छापलेली असते. कॉइलच्या शेजारी बाणासारखी खूण असेल तर डायोड आहे, चौकोन असेल तर रेझिस्टर. डायोडवाल्यात कॉइलच्या ८६ नंबरच्या पिनेवर पॉझिटिव्हच.

रविवार, १३ जुलै

नवा हार्नेस हाताने बांधला. सामान:

रिले १२ व्होल्ट, ३०/४० अँपियर, चार पिनी: २, सॉकेटसकट
झाकणाचे फ्यूज होल्डर: २, ब्लेड फ्यूज १५ अँपियर: २ (आणि २ शिल्लक ठेवायला)
लाल वायर २.५ चौरस मिमी: ७ मीटर
काळी वायर २.५ चौरस मिमी: ३ मीटर, ९ तारखेची उजव्या अर्थिंगची धरून
ट्रिगरसाठी ०.७५ चौरस मिमी: २ मीटर
एच-४ होल्डर, जाड शेपटीचे: २
एच-४ नर कपलर: १
रिंग लग ६ मिमी, गोंदवाली हीट श्रिंक, लवचिक नळी

वायर विकत घेताना इन्सुलेशनची जाडी बघायची नाही. टोक कापून मागायचं आणि तार खरवडायची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दुकानदार याला हरकत घेत नाहीत. जो घेईल त्याच्याकडून वायर घेऊ नये.

जोडणी (रिलेच्या पिनांवर नंबर असतात: ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३० मध्ये करंट येतो, ८७ मधून बाहेर जातो): मूळ उजव्या कपलरमध्ये नर कपलर. त्याच्या कॉमनमधून दोन्ही रिलेंच्या ८६ ला. डिपरची पिन पहिल्या रिलेच्या ८५ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८५ ला. बॅटरी पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात दोन फ्यूज, तिथून प्रत्येक रिलेच्या ३० ला. पहिल्याच्या ८७ मधून दोन्ही होल्डरच्या डिपर पिना, दुसऱ्याच्या ८७ मधून दोन्हीच्या अप्पर. एच-४ च्या होल्डरमध्ये आडवी पिन डिपरची. नव्या होल्डरच्या कॉमन पिना काळ्या वायरीने अर्थिंगला, मूळ कपलरच्या कॉमनला नाही. तिथे पॉझिटिव्ह आहे. सवयीने जोडलं तर ठिणगी.

लग आधी क्रिम्प, म्हणजे पकडीने वायरीवर दाबून, मग वरून थोडा सोल्डर, मग हीट श्रिंक. नुसत्या सोल्डरवर भरवसा नको. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि कंपनाने तुटते. रिले उभे, पिना खाली, म्हणजे पाणी आत साठत नाही. डाव्या बाजूचा मूळ कपलर मोकळा राहतो. त्याच्या तोंडावर टोपी घालून बांधून टाकला.

इंजिन चालू, बॅटरी १३.९. उजवा डिपर १३.३५, डावा १३.४५. लुकलुक बंद. अर्धा तास लावून ठेवल्यावर फ्यूज होल्डर कोमट.

गाडीमालकाला सांगून ठेवलं: बल्ब आता आधीपेक्षा लवकर जातील. व्होल्टेज पाच टक्के वाढलं तर हॅलोजनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आधी बल्ब वर्षानुवर्षं टिकत होते ते उपाशी होते म्हणून.

शनिवार, १९ जुलै

उजेड पूर्ण आल्यावर भिंतीची चाचणी. ही आधी केली असती तर ५७ टक्के उजेडात डिपरच्या उजेडाची वरची कड भिंतीवर नीट दिसलीच नसती.

सोसायटीच्या पोडियमची फरशी चालत नाही, पाणी वाहून जायला तिला उतार दिलेला असतो. शेडमधली जमीन पाण्याच्या लेव्हल नळीने तपासली, पाच मीटरमध्ये फरक नगण्य. टायरची हवा पुस्तकाप्रमाणे, चालकाच्या जागी ७५ किलो वजन, डॅशबोर्डवरची हेडलाइटची उंची बदलणारी चकती शून्यावर. गाडी भिंतीपासून ५ मीटर. हेडलाइटचा मध्य जमिनीपासून ६६ सेंमी. उजेडाचा खाली उतार १.३ टक्के धरला तर पाच मीटरवर ६.५ सेंमी, म्हणजे डिपरची कड भिंतीवर ५९.५ सेंमीला हवी. तिथे चिकटपट्टी, आणि दोन्ही लाइटच्या मध्याच्या उभ्या पट्ट्या.

एका वेळी एक लाइट, दुसऱ्यावर पुठ्ठा. होल्डर काढून बंद करू नये. बॅटरीवरचा भार बदलतो, आणि काढ-घाल करताना बल्ब हलतो.

डावा: कड उजवीकडे आडवी सरळ, मध्याच्या पट्टीपासून डावीकडे १५ अंशांनी चढती. आपल्याकडे रस्ता डावीकडून, त्यामुळे डावा कठडा, पादचारी, पाट्या दिसायला उजेड डावीकडे चढतो आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली राहतो. बरोबर.

उजवा: कड डावीकडे आडवी, उजवीकडे चढती. पुठ्ठे काढून दोन्ही एकत्र लावले तर भिंतीवर मधे खळगा आणि दोन्हीकडे चढ.

म्हणजे हा हेडलाइट उजवीकडून वाहतूक असलेल्या देशासाठीचा आहे. त्याच्या काचेवरच्या खुणा भिंग लावून वाचल्या: गोलात ई ही मंजुरीची खूण, एचसीआर म्हणजे डिपर-अप्पर असलेला हॅलोजन दिवा, बाण नाही. आंतरराष्ट्रीय नियमावलीत बाण नसणं म्हणजेच उजवीकडच्या वाहतुकीचा दिवा. डावीकडच्या वाहतुकीच्या दिव्यावर आडवा बाण असतो, समोर उभं राहून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला वळलेला. डाव्या कंपनीच्या काचेवर तो आहे. दुकानात हेडलाइट घेताना खोक्यावरचं मॉडेलचं नाव जुळलं की लोक घेतात. बाण बघायला दहा सेकंद लागतात.

दुसरा दोष बल्बाच्या बैठकीत. एच-४ च्या चकतीला तीन कान असतात, वरचा रुंद. बैठकीची प्लास्टिकची कडी खालच्या बाजूला किंचित वितळून बसलेली, तीही १००/९० च्याच काळातली असणार. बल्ब मागे झुकतो, कडेच्या वर धुरकट उजेडाचा पट्टा सांडतो. बैठक मिलीमीटरने हलली तरी भिंतीवर असं दिसतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ चकाकीसाठी एक बिंदू देतो: दिव्यापुढे ८ मीटर, उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर. तिथे पांढरा पुठ्ठा धरून बघितला. चढत्या कडेची उंची तिथे पाऊण मीटरच्याच आसपास, म्हणजे कडेपुरतं बोलायचं तर हा उलटा दिवा त्या बिंदूवर निसटतो. पण समोरची गाडी लांब असताना चढती कड तिच्या चालकाच्या डोळ्यांच्या रेषेजवळ येते, आणि घोडबंदरला गाडीचं नाक दर खड्ड्यात उचललं जातं. मेट्रोच्या कामासाठी लावलेल्या पत्र्यांमधून समोरासमोर आलेल्या स्कूटरवाल्याला हे कळतं.

स्क्रूने उजवा खाली पाडून भागेल का? १.३ टक्क्यांना कड रस्त्याला ५० मीटरवर भेटते. चकाकी जाईल इतका, म्हणजे ३ टक्के पाडला, तर २२ मीटरवर. साठच्या वेगाने तेवढं अंतर सव्वा सेकंदात संपतं. बल्ब फिरवून बसवणं तीन कानांमुळे शक्य नाही. निर्णय: हाउसिंग, म्हणजे काच आणि रिफ्लेक्टरसकट हेडलाइटचा अख्खा डबा, बाद. मागवताना अट एकच, काचेवर बाण.

रविवार, २० जुलै

हाउसिंग बाद असलं तरी पाणी कुठून येत होतं ते शोधायला हवं, नाहीतर नव्यातही येईल.

पावसात लाइटच्या काचेवर आतून हलकं धुकं येणं दोष नाही. हाउसिंगला श्वासाची भोकं असतात. गरम झालं की हवा बाहेर, थंड झालं की ओलसर हवा आत. लाइट लावल्यावर अर्ध्या तासात धुकं गेलं तर सोडून द्यायचं. तळाला थेंब साठले तर गळती.

हाउसिंग टबमध्ये काच खाली धरून, मागची सगळी तोंडं वर ठेवून सांध्यापर्यंत बुडवलं, बाकीची तोंडं बंद केली आणि एका भोकातून नळीने हलकेच फुंकलं. सांध्यातून एकही बुडबुडा नाही. म्हणजे काच आणि डबा यांचा जोड ठीक. ओव्हनमध्ये तापवून काच उघडायचा आणि नव्याने ब्यूटाइल (सांध्यातलं चिकट सील) भरायचा खटाटोप इथे व्यर्थ गेला असता.

गळती मागून होती. बल्बामागचं रबरी बूट पूर्ण बसलेलं नव्हतं. सिरॅमिक होल्डर मूळपेक्षा लांब, त्याच्या वायरी बुटाच्या ओठाला खालून ढकलत होत्या. खाली बोट जाईल एवढी फट, आणि बरोबर तिथे पुढच्या चाकाचा फवारा येतो. शिवाय श्वासाच्या भोकावरची वाकडी नळी गायब. तिचं तोंड खाली असतं म्हणून उडालेलं पाणी आत जात नाही.

भोक सिलिकॉनने बुजवणं हा रस्त्यावरचा आवडता उपाय आहे, आणि तो पाणी आत कोंडतो. त्यातही व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर मुळीच नको, त्याची वाफ रिफ्लेक्टरचा चकचकीत थर काळवंडते.

शनिवार, २६ जुलै

नवं हाउसिंग आलं. बाण आहे, बैठक धातूची, श्वासाच्या दोन्ही नळ्या जागेवर. बसवण्याआधी टेबलावर बल्ब घालून हलवून पाहिला. स्प्रिंगची तार बसल्यावर बल्ब अजिबात डुलता कामा नये.

बंपरच्या वरच्या क्लिपा आणि चाकाच्या कमानीतला स्क्रू काढून बंपरचा उजवा कोपरा सैल केला, पूर्ण उतरवावा लागला नाही. हेडलाइटचे तीन बोल्ट, तिन्हींना १० चा पाना. आधी तिन्ही हाताने, बॉनेटशी फट सारखी करून मग आवळले. ठोकरीच्या गाडीत इथली ब्रॅकेट वाकडी असते. खालच्या बोल्टाखाली दीड मिमीचा वॉशर घालावा लागला.

बूट नवं. "टॉप" लिहिलेली बाजू वर, तिन्ही पिना पूर्ण बाहेर दिसेपर्यंत आत दाबलं, ओठ सगळीकडून बसल्याचं बोट फिरवून बघितलं. वायरी होल्डरपासून सरळ मागे न नेता खाली वळवून क्लिपने बांधल्या, म्हणजे बुटावर दाब नाही आणि वायरवरून आलेलं पाणी वळणाच्या तळाला गळतं.

परत भिंत. उजव्याची कड आता डावीकडे चढते. उंचीच्या स्क्रूने ५९.५ सेंमीला आणली, मग आडव्या स्क्रूने कोपरा उभ्या पट्टीवर. उंची ठरवताना शेवटची फिरकी नेहमी वर चढवण्याच्या दिशेने, म्हणजे स्क्रूची ढिलाई एकाच बाजूला राहते आणि खड्ड्यांनी लाइट फारसा खाली बसत नाही. अप्पर वेगळा सेट करायचा नसतो. एच-४ मध्ये डिपर बसला की अप्पर आपोआप जागेवर असतो.

गायमुखपर्यंत रात्रीची फेरी, पाऊस चालू. डावीकडचा कठडा आणि पांढरी पट्टी दोन्ही लाइटांत सलग दिसते. समोरून कोणी अप्पर मारून दाखवला नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

आठवडाभर पावसात चालून आलेली गाडी. काचेत थेंब नाहीत. सकाळचं हलकं धुकं दहा मिनिटांत गेलं. उजवा डिपर १३.३, डावा १३.४. अर्थिंगवर ०.१, तसंच. होल्डरच्या पिना स्वच्छ. उजव्या लाइटची कड ५ मिमी खाली बसलेली, पाव फिरकीत परत आणली.

जुन्या हाउसिंगचे दोन्ही वरचे कान तोडून मगच ते भंगारात दिलं, नाहीतर पुसून-पासून परत कोणाच्या तरी गाडीला लागतं. पुढची मोजणी दिवाळीच्या आसपास. तेव्हा फक्त अर्थिंगचा ड्रॉप आणि फ्यूज होल्डरचं तापमान बघायचं.